मुदत संपण्यापूर्वीच नापास

आमच्या गाडीच्या एमओटीची, म्हणजे इथे ब्रिटनमध्ये दरवर्षी होणाऱ्या तपासणीची, मुदत संपायला अजून तीन आठवडे होते. तरी आज सवड होती म्हणून गाडी नेली आणि ती नापास झाली. जुने प्रमाणपत्र चालू असल्यामुळे गाडी घरी नेता येईल, हा माझा समज तपासनिसाने अहवालातल्या एका शब्दावर बोट ठेवून दूर केला. दोष ‘मेजर’ असता आणि गाडी रस्त्यावर नेण्याजोगी असती, तर ते चालले असते. परंतु मागच्या टायरच्या आतल्या कडेला तारा उघड्या पडल्या होत्या आणि शेरा ‘डेंजरस’ असा होता. अशी गाडी चालवल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. बाहेरून तो टायर, खरे सांगते, अगदी धडधाकट दिसत होता. शेवटी तिथेच नवा बसवून घेतला.