शेजारचा जॅक रिकामा

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

पास झाले. टॉवर रेटिंगची, म्हणजे विमानतळाच्या टॉवरमधून एकटीने विमानं सांभाळायच्या परवान्याची, प्रॅक्टिकल आज झाली आणि मी पास झाले. आईने शिरा केला, शेजारच्या काकूंनी ओवाळलं, नाशिकहून मामाचा फोन आला. आता घरात सगळे झोपलेत आणि मी खिडकीत वही घेऊन बसलेय. दोन दिवसांनी आजची दुपार मला आत्ता आठवतेय तशी आठवणार नाही, म्हणून जशी झाली तशी उतरवून ठेवते.

आमचं घर घाटकोपरला. मुंबई विमानतळाच्या टू-सेव्हन रनवेवर उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरूनच जातात. लहानपणी वाळत घातलेले कपडे काढायला वर गेले की मान वर करून चाकं मोजत बसायचे आणि खालून आईच्या हाका यायच्या. आत्ताही एक गेलं. पावसात नुसते दिवे दिसले.

लोक विचारतात, मुंबईला दोन रनवे आहेत ना? आहेत, पण ते एकमेकांना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येतो. त्या एकावर दिवसाला ९०० च्या वर विमानं चढउतार करतात. टॉवरमध्ये बसलं की खरं काम असतं ते उतरणाऱ्या दोन विमानांच्या मधल्या फटीतून तिसरं उडवायचं. फट किती मोठी आहे, उतरलेलं विमान रनवे किती सेकंदांत सोडेल, मागचं किती मैलांवर आहे, पुढे गेलेलं मोठं असेल तर त्याच्या पंखांमागची हवा निवळायला वेळ दिलाय का. प्रयागराजला ट्रेनिंगमध्ये सिम्युलेटरवर हे सगळं शिकले होते. पण सिम्युलेटरमधल्या विमानात माणसं नसतात.

मला आज लिहायचंय ते ऐकण्याबद्दल.

गेल्या ऑक्टोबरमध्ये टॉवरवर ट्रेनी म्हणून बसायला लागले तेव्हा मला वाटायचं की कंट्रोलरचं काम बोलण्याचं. स्पष्ट बोलायचं, अडखळायचं नाही, शब्द ठरलेलेच वापरायचे. त्यासाठी आरशासमोर उभी राहून घोकायचे. तिसऱ्या आठवड्यात एका विमानाला मी कंडिशनल क्लिअरन्स दिला: समोरून उतरणारं विमान गेलं की त्याच्या मागे रनवेवर ये आणि थांब. इंग्रजीत तो देताना ‘बिहाइंड’ हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा शेवटी, असा दोनदा म्हणायचा असतो. मी म्हटला. पायलटने परत वाचून दाखवलं: ‘लाइन अप अँड वेट, टू-सेव्हन.’ बिहाइंड गाळलं. माझ्या डोक्यात माझंच वाक्य घुमत होतं, म्हणून मला ते पूर्ण ऐकू आल्यासारखं वाटलं. विमानाचं नाक हलायला लागलं आणि उतरणारं जेमतेम दोन मैलांवर होतं.

मला शिकवणाऱ्या मॅडम माझ्या शेजारी होत्या. ट्रेनीच्या शेजारी कन्सोलला दुसरा जॅक असतो, त्यात शिकवणाऱ्याचा हेडसेट लावलेला असतो. त्यांना सगळं ऐकू येतं आणि माझ्या वरताण बोलताही येतं. त्यांनी शांत आवाजात तीन शब्द म्हटले, ‘होल्ड पोझिशन, नेगेटिव्ह’. विमान रेषेच्या अलीकडेच थांबलं. उतरणारं उतरलं. कुणाला काही कळलं नाही. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. मॅडम मला एवढंच म्हणाल्या, ‘तू दिलेली सूचना अर्धी असते. दुसरा अर्धा भाग तो परत वाचतो तेव्हा पुरा होतो. तोवर तू काही दिलेलंच नाहीस.’

घरी बाबांना सांगितलं. बाबा रेल्वेत स्टेशन मास्तर होते. ते म्हणाले, ‘आमच्याकडे प्रायव्हेट नंबर असायचे.’ हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ त्या रात्री कळला. फाटकावरचा गेटमन फोनवर म्हणणार की फाटक बंद केलं. नुसतं म्हणून चालत नाही. त्याने त्याच्याजवळच्या कागदावरचा पुढचा आकडा सांगायचा, मास्तरने तो लिहून घ्यायचा, आणि वापरलेला आकडा खोडायचा. पुन्हा तो कधी वापरायचा नाही. ‘हो हो, केलं’ असं सवयीने तोंडातून निघून जातं, आकडा तसा निघत नाही, असं बाबा म्हणाले. मोकळ्या स्टेशनवर पावसाळी रात्री ते एकटे बसायचे आणि तो दोन आकडी नंबर कानावर आल्याशिवाय पुढचा सिग्नल द्यायचे नाहीत. तीस वर्षं.

१९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरीफ बेटावर दोन जम्बो जेट धुक्यात रनवेवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. त्या वेळच्या संभाषणात ‘टेक-ऑफ’ हा शब्द परवानगी नसतानाही बोलला गेला होता. म्हणून आता आम्ही तो शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारतो. एरवी ‘डिपार्चर’. पहिल्या वर्षी हा परीक्षेतला मुद्दा म्हणून पाठ केला होता. ऑक्टोबरनंतर तो शब्द उच्चारताना प्रत्येक वेळी माझी पाठ ताठ होते.

आजची गोष्ट.

पावणेतीनला बसले. मागे दोन परीक्षक, शेजारी मॅडम. त्यांचा जॅक लावलेला होता, कारण रेटिंग मिळेपर्यंत जबाबदारी त्यांचीच. वारा नैऋत्येकडून, वीस नॉटच्या आसपास. पहिला पाऊण तास छान गेला. एका मोठ्या विमानामागे छोट्याला दोन मिनिटं थांबवलं, त्याने दोनदा विचारलं, मी दोनदा तेच उत्तर दिलं.

मग जुहूच्या बाजूने पाऊस आला. आमचा टॉवर ८४ मीटर उंच आहे, त्यामुळे पाऊस येताना आधी दिसतो. समुद्र गेला. पार्ल्याच्या इमारती गेल्या. रनवेचं पश्चिमेचं टोक गेलं. काचेवर पाण्याचे पाट आणि खाली पांढरं. ग्राउंड रडारवरचे ठिपके तेवढे उरले. त्या क्षणी मी मनातून कंडिशनल क्लिअरन्स काढून टाकला. समोरून उतरणारं विमान पायलटलाही दिसलं पाहिजे आणि मलाही, तरच ‘त्याच्या मागे ये’ म्हणता येतं. नियमच तसा आहे. मग प्रत्येकाला अलीकडे थांबव, उतरू दे, मग बोलाव. त्यात वेळ जातो आणि रांग वाढते. होल्डिंग पॉइंटला, म्हणजे रनवेच्या अलीकडे थांबायच्या जागी, सात विमानं झाली.

त्यात एकाच कंपनीची दोन. पुढचं ५२१, तिसरं ५१२.

उतरलेलं विमान बाहेर पडत होतं, पुढचं उतरणारं सात मैलांवर. मी ५२१ ला रनवेवर यायला सांगितलं. उत्तर आलं, शब्द बरोबर, रनवे बरोबर. नंबर खरखरीत नीट कळला नाही. पण आवाज वेगळा होता. ५२१ वर मघापासून एक मुलगी बोलत होती, माझ्याच वयाची असावी, ‘टू’ म्हणताना थोडी ओढून म्हणायची. हा आवाज जाड, पुरुषाचा. एकाच विमानात दोघं आलटून पालटून बोलतात, त्यामुळे तेही शक्य होतं. नंबर पुन्हा विचारला तर दोघं एकदम बोलले. दोन रेडिओ एकाच वेळी चालू झाले की कानात नुसती शिट्टी वाजते.

शिट्टी थांबली तेव्हा ते उतरणारं विमान साडेपाच मैलांवर होतं. ओला रनवे. उडवता आलं असतं, कदाचित. मी ५१२ ला जागेवर थांब म्हटलं, ५२१ ला रनवेच्या अलीकडे थांब म्हटलं, दोघांना सारख्या आकड्यांबद्दल सावध केलं आणि दोघांकडून वेगवेगळं परत वदवून घेतलं. उतरणाऱ्याला आधी उतरवलं. मागे पेनाचा आवाज आला. परीक्षक काहीतरी लिहीत होते. मला वाटलं, संपलं. एवढ्या रांगेत हातातली फट सोडली.

त्यानंतर एकाला वाऱ्याने उतरणं जमलं नाही, तो गोइंग अराउंड म्हणत पुन्हा वर, समुद्राकडे चढला. त्याला अप्रोचकडे, म्हणजे उतरायला येणारी विमानं रांगेत लावणाऱ्या कंट्रोलरकडे, सोपवलं, मधलं विमान थांबवलं. ते फारसं आठवत नाही. हात आपोआप चालले.

खाली खोलीत थोरल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न तोच विचारला, की ५२१ ला का सोडलं नाहीस. मी म्हटलं, सर, ते उत्तर कुणाचं होतं ते मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, ‘आम्हालाही नव्हतं. टेप ऐकावी लागेल.’ मग जुहूबद्दल विचारलं. वारा फिरून झीरो-नाइन, म्हणजे तोच रनवे उलट्या दिशेने, चालू असेल आणि समुद्रावरून येणारा पायलट रनवे दिसला म्हणाला, तर काय करशील? मी सांगितलं की तिथून जुहूची धावपट्टी आधी लागते, १९७२ मध्ये एक जपानी प्रवासी विमान चुकून तिथे उतरून पुढे घसरत गेलं होतं, म्हणून तो दिसला म्हणाला तरी मी रडारवर त्याची उंची आणि रेघ बघत राहीन. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि सही केली.

जिन्यात उभी राहून बाबांना फोन लावला. ‘बाबा, पास झाले. टॉवर रेटिंग मिळालं.’ पलीकडे क्षणभर काही नाही. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करत, ‘पास झालीस. टॉवर रेटिंग मिळालं.’ मी ‘बरोबर’ म्हटलं आणि मग मला रडू आलं. त्यांनाही आलं असावं, कारण त्यांनी फोन आईकडे दिला.

पिशवी घ्यायला पुन्हा वर गेले. खुर्चीवर संध्याकाळच्या पाळीचे दादा बसले होते, एकटेच. त्यांच्या शेजारचा जॅक रिकामा होता, पितळी कड झिजून चकचकीत झालेली. आठ महिने मी तिथे बसलेय, ते भोक मला कधी दिसलं नव्हतं, कारण त्यात कायम मॅडमची वायर असायची. कागद झाले की सोमवारपासून माझ्याही शेजारी तो तसाच असेल. मॅडम लिफ्टपाशी भेटल्या. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी अर्ध्यातच उठवलं आणि म्हणाल्या, ‘तो आवाज मलाही वेगळा वाटला होता. माझं बोट बटणावर होतं. तू आधी बोललीस.’

गुरुवारी, म्हणजे उद्याच, माझ्या बॅचमधल्या दोघांची प्रॅक्टिकल आहे. हवामान खात्याने उद्याही जोरदार सांगितलाय. दोघांना मेसेज टाकून ठेवलाय: सुरुवातीलाच रांगेतले सारखे नंबर स्ट्रिपवर, म्हणजे प्रत्येक विमानाच्या माहितीच्या पट्टीवर, गोल करून ठेवा, आणि कोण कुठल्या आवाजात बोलतंय ते कानात धरा. एकाचं उत्तर आलंय. दुसऱ्याचं अजून नाही. झोपायच्या आधी फोन करून बघते.