सतरा पौंड

"माणशी सतरा पौंड सामान. अंथरूण-पांघरूण, कपडे, सगळं धरून." शेजारच्या आजी आज पायरीवर बसून सांगत होत्या.

त्यांची खापरपणजी इंग्लंडमधल्या लँकेशायरची. घरच्यांचं चर्च सोडून मॉर्मन या अमेरिकेतल्या नव्या ख्रिस्ती पंथात गेली आणि १८५६ साली लिव्हरपूलहून निघाली. अमेरिकेत आयोवा सिटीपासून युटातल्या सॉल्ट लेकपर्यंत, मॉर्मनांच्या वसाहतीपर्यंत, दोन हजार किलोमीटर, हातगाडी ओढत, पायी. त्या वर्षी उशिरा निघालेल्या दोन तांड्यांतली दोनशेवर माणसं भुकेने, थंडीने वाटेतच गेली.

आईने दिलेली किटली वजनात बसेना, म्हणून तिने ती आयोवातच ठेवली. सांगताना आजींचे हात किटली धरल्यासारखे झाले होते.

मी युटात आले तेव्हा तेवीस किलोच्या दोन बॅगा होत्या. तरी आईची पितळी परात राहिलीच.

किटली देणाऱ्या त्या आईला पुढे लेकीचं पत्र तरी आलं असेल का?