मागच्या जिन्याचं कुलूप

शाळेच्या अग्निसुरक्षा तपासणीला गेलं की सुरुवातीचा वेळ चहात आणि फायलीत जातो. या शाळेची फाइल मात्र खरंच बघण्यासारखी होती. मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, अग्निशमनचा ना हरकत दाखला, आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा, परवानाधारक एजन्सीनं दर जानेवारी आणि जुलैला द्यायचा बी फॉर्म, सगळं टॅग लावून क्रमानं. सांगलीतली स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी माध्यमाची शाळा, तळमजला अधिक दोन. खाली बालवाडी, वर दहावीपर्यंतचे वर्ग. नाव सांगत नाही, कारण मला शाळेला नावं ठेवायची नाहीत.

भिंतीवरचे लाल सिलिंडरही चांगले निघाले. काटा हिरव्यात आहे एवढ्यावर मी विश्वास ठेवत नाही. सिलिंडर खाली उतरवून उलटा करतो आणि कानाशी धरतो. आतली पावडर सरकल्याचा आवाज यायला हवा. वर्षानुवर्षं भिंतीवर टांगून पावडर तळाशी घट्ट बसलेली असते आणि वर स्टिकर तेवढा नवा असतो, असं कितीदा तरी बघितलंय. इथं पावडर सरकली. मुख्याध्यापिका मॅडम जरा सैलावल्या.

मग आम्ही जिना चढायला लागलो. तळमजला आणि पहिल्या मजल्याच्या मधल्या वळणावर, चौकात, भिंतीला अख्खं इलेक्ट्रिक पॅनेल. मीटर, मेन स्विच, सगळ्या मजल्यांच्या एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारे स्विच. दार उघडून बघितलं तर दीड मीटरच्या जिन्यात एका माणसापुरती वाट उरली.

"हे इथं कुणी बसवलं?"

सोबतचे शिपाई मामा म्हणाले, "आधी खालीच होतं की ओ साहेब. पुरात बुडालं. मग वर घेतलं."

२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टनंतर सांगलीत ज्याला जमलं त्यानं मीटर वर नेले, आणि २०२१ ला पाणी परत आल्यावर उरलेल्यांनीही नेले. शाळेनं तेच केलं. तळमजल्यावर पाणी येतं, मग वर न्यायचं तर जिन्याच्या चौकाशिवाय मोकळी भिंत कुठली? पुराच्या हिशेबानं अगदी शहाणपणाचं काम. आगीच्या हिशेबानं, इमारतीतली सगळ्यात पेट घेण्याजोगी वस्तू बाहेर पडायच्या वाटेवर आणून बसवलेली. वायरचं पीव्हीसी जळायला लागलं की काळा, डोळे-घसा जाळणारा धूर होतो आणि असा जिना त्याला धुराड्यासारखा वर ओढतो. ज्वाळा पोहोचायच्या कितीतरी आधी धूर वर्गात पोहोचलेला असतो.

ठीक आहे, दुसरा जिना आहे ना, म्हणून मागं गेलो. जिना होता, रुंदीही बरोबर. खाली चॅनेल गेट, त्याला हाताच्या पंजाएवढं कुलूप.

"किल्ली?"

"हाय की. मॅडमच्या कपाटात," मामा म्हणाले.

मॅडमचं म्हणणं मात्र ऐकण्यासारखं होतं. बदलापूरच्या घटनेनंतर, म्हणजे ऑगस्ट २०२४ नंतर, पालकसभेत एकच आवाज होता: एकच गेट ठेवा, कॅमेरे लावा, मागची वाट बंद करा. त्यात सातवीतली दोन पोरं मधल्या सुट्टीत मागच्या दारानं निसटून भडंग खाऊन आलेली. "सर, उद्या कुणी मुलाला घेऊन गेलं तर मी काय उत्तर देऊ?" यावर माझ्याकडं चटकन उत्तर नव्हतं. माझीही मुलगी शाळेत जाते. तिच्या शाळेचं मागचं गेट बंद असतं, आणि मला ते बरं वाटत आलंय.

मी म्हटलं, आत्ता आहे तशी ड्रिल घेऊ. कुणाला आधी सांगू नका. लांब घंटा द्या.

घंटा झाली. आमचा फायरमन खाली घड्याळ घेऊन उभा, मी वर पॅनेलपाशी. मुलं गोंधळ घालतील, पळतील, पडतील ही माझी धास्ती. झालं उलटंच. पहिल्या मजल्यावर छोट्यांचे वर्ग. वर्गाबाहेर बुटांचे रॅक, कारण वर्गात बूट काढून बसायची शिस्त. बाई "लाइन करा" म्हणाल्या आणि पोरं ओळीनं बाहेर येऊन पॅसेजमध्ये चक्क बूट घालायला बसली. कुणाची लेस, कुणाचा बक्कल. वरच्या मजल्यावरची मोठी मुलं उतरत आली ती या बसलेल्या मुलांपाशी येऊन थांबली, त्यांच्या मागं आणखी मुलं, आणि जिन्यात वरपर्यंत रांग तुंबली. एक चिमुरडी माझ्या पायापाशी बसलेली. "बूट राहू दे, चल बाळा," म्हटलं तर माझ्याकडं न बघता म्हणाली, "टीचर, माझा सॉक्स उलटा झालाय." टीचर गुडघ्यावर बसून तो सरळ करत होत्या.

शेवटचं मूल मैदानात आलं तेव्हा नऊ मिनिटं झाली होती. धूर नव्हता, दिवे चालू होते, कुणी घाबरलेलं नव्हतं. तरी नऊ मिनिटं. मागच्या जिन्याकडं एकही मूल वळलं नाही. तो बंद असतो हे त्यांना पाठ होतं.

दुपारी संस्थेचे अध्यक्ष आले. तालेवार माणूस, आवाजही तसाच. "साहेब, पूर आम्ही डोळ्यांनी बघितलाय. पोरं पळवल्याच्या बातम्या रोज येतात. आग कुठं लागलीय आमच्याकडं? आणि सगळं आरसीसी आहे."

मी सुरतचं सांगितलं. मे २०१९, व्यापारी संकुल काँक्रीटचंच. वरच्या क्लासला जाणारा लाकडी जिना आगीत गेला, मुलांनी वरून उड्या टाकल्या, २२ विद्यार्थी गेले. ते म्हणाले, तो क्लास होता, शाळा नव्हती. मग तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेचं सांगितलं. १६ जुलै २००४, स्वयंपाकघरातली आग शाकारलेल्या छपराला लागली, ९४ मुलं. त्याच घटनेवरून सुप्रीम कोर्टात याचिका गेली आणि २००९ ला निकाल आला, त्यात सुरक्षित शाळा हा मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानलाय. अध्यक्ष ऐकत होते, पण त्यांची नजर बदलली ती फायरमननं घड्याळ पुढं केल्यावर. "नऊ?" त्यांनी दोनदा विचारलं. त्यांचा नातू दुसरीत आहे, हे मला नंतर कळलं.

२००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली नोटीस तर द्यायचीच होती, दिली. पण "कुलूप काढा" एवढं लिहून आलो असतो तर मी गेल्यावर संध्याकाळी ते परत लागलं असतं, हे मला माहीत होतं. इमारतीत माणसं असताना बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, एवढंच नियम म्हणतो. बाहेरून कुणालाही आत येता आलं पाहिजे असं कुठंच लिहिलेलं नाही. म्हणून चॅनेल गेटच्या जागी बाहेर उघडणारं लोखंडी दार आणि आतून पॅनिक बार सुचवला. बार दाबला की दार उघडतं, बाहेरच्या बाजूला मूठच नाही. जोडीला हूटर आणि कॅमेरा. पालकसभेत मीच समजावलं. तिथली चर्चा लांबली, कारण तीन वडिलांना माझ्यापेक्षा मूठ नसलेल्या दारात रस होता.

दार बसल्यावर पहिल्या आठवड्यात मॅडमचा वैतागून फोन. पोरं मुद्दाम बार दाबतात, हूटर दिवसभर बोंबलतो. म्हटलं, आता तरी सगळ्यांना ते दार माहीत झालं. बुटांचे रॅक वर्गाच्या आत गेले, आणि घंटा झाली की अनवाणी निघायचं हे बाईंनी घोटून घेतलं. पुढच्या ड्रिलला दोन्ही जिने वापरून चार मिनिटांच्या आत मैदान भरलं.

पॅनेल अजून तिथंच आहे. इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर, लोखंडी चौथऱ्यावर ते हलवायचं ठरलंय. त्यासाठी महावितरणकडं अर्ज, अंदाजपत्रक, एक दिवसाचं शटडाऊन, आणि शाळेला सुट्टी असेल तेव्हाच. तोवर शेजारी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावलाय आणि पॅनेलखाली ठेवलेले जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे त्याच दिवशी उचलायला लावले. जुलैचा बी फॉर्म येईपर्यंत पॅनेल हललं नाही तर दुसरी नोटीस निघेल, असं अध्यक्षांना सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "द्या की. तुमची नोटीस दाखवली की अर्ज तरी पुढं सरकेल."