जुन्या टू बीएचकेचा हॉल आम्ही रोजच्या वापराला घेतला, त्याबद्दल

आमची बिल्डिंग 1989 ची, डोंबिवली ईस्टला. त्या काळातल्या बहुतेक फ्लॅटचा नकाशा सारखाच, सगळ्यात मोठी आणि उजेडाची खोली म्हणजे हॉल, त्यात सोफा, शोकेस, टीव्ही, आणि किचन एवढंसं, मागे कोपऱ्यात. पाहुणे येणार महिन्यातून एखाद्या रविवारी आणि घरातली माणसं मात्र रोज बेडवर लॅपटॉप घेऊन बसणार, मुलगी दहावीचा अभ्यास डायनिंग टेबलावर करणार, हे मला पटतच नव्हतं. म्हणून रिनोव्हेशन काढलं तेव्हा एकच ठरवलं, चांगली जागा रोज राहणाऱ्यांना.

शोकेस आणि मोठा सोफा गेला. खिडकीखाली भिंतभर लांब टेबल केलं, एका टोकाला माझं ऑफिसचं काम, दुसऱ्या टोकाला मुलीचा अभ्यास. बसायला दिवाण ठेवलाय, खाली गाद्यांचं स्टोरेज, त्यामुळे कोणी राहायला आलं तरी झोपायची सोय आहेच.

ओपन किचन करा असं ज्याला त्याला सुचत होतं, मी ठाम नाही म्हटलं. आपल्याकडे रोज फोडणी होते, मिरचीचा ठसका उठतो, कधी सुकट भाजली जाते आणि तो वास पडद्यांत, गाद्यांत दोन दोन दिवस राहतो. आम्ही मधल्या भिंतीचा फक्त वरचा अर्धा भाग काढून सरकती काच लावली. ओट्याशी उभं राहून हॉलमधल्यांशी बोलता येतं, डबे तिथूनच देता येतात, आणि फोडणी टाकायच्या आधी काच बंद.

पण भिंतीला हात लावायच्या आधी सोसायटीची परवानगी घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला घरी बोलवा, कंत्राटदाराच्या "काय होत नाय मॅडम" वर जाऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. आमची बिल्डिंग आरसीसी फ्रेमची, म्हणजे वजन कॉलम-बीमवर येतं, आतली साडेचार इंची भिंत स्वतःपुरतीच उभी असते, इंजिनीअरने ते तपासलं म्हणूनच ती कापता आली. लोड बेअरिंग बिल्डिंग असेल तर भिंतच स्लॅब पेलत असते, तिथे असला प्रकार म्हणजे वरच्या-खालच्या सगळ्यांच्या जिवाशी खेळ.

फरशीचंही तसंच. जुन्या लादीवर नवीन टाइल्स टाकून मोकळं व्हायचं, सोपं वाटतं, पण इंचभर सिमेंट-वाळूचा माल आणि वर टाइल धरली तर चौरस फुटाला साडेसहा किलोच्या आसपास वजन वाढतं, म्हणजे 500 चौरस फुटाला तीन टनांच्या वर! जुन्या स्लॅबवर कशाला ते? आम्ही जुनी लादी काढूनच नवीन बसवली, धूळ खूप झाली, खर्चही वाढला, पण मला तेच बरोबर वाटतं.

बाथरूम-टॉयलेट जागेवरून हलवलं नाही, कारण हलवलं तर ते खालच्यांच्या बेडरूमच्या डोक्यावर आलं असतं. तिथली सगळी कामं सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आईंच्या, सोयीने केली. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून भारतीय संडासाच्या जागी कमोड, बाजूला घट्ट धरायला स्टीलचा बार, आणि दार बाहेर उघडणारं, कारण आत कोणी पडलं तर आत ढकलायचं दार उघडतच नाही. वॉटरप्रूफिंगनंतर दोन दिवस पाणी भरून ठेवलं आणि खालच्या काकूंच्या घरी जाऊन छत बघून आलो, मगच टाइल्स लावल्या.

वायरिंग सगळं नवीन केलं, एसी-गीझरला वेगळी जाड वायर, आणि टेबलाजवळ प्लग पॉइंट भरपूर घेतले, कारण एक्स्टेन्शनच्या वायरी पायात येणं आईंसाठी धोक्याचंच.

आता बाल्कनी तेवढी आत घ्या म्हणजे खोली मोठी होईल, असा आग्रह चाललाय. ते मी करणार नाही. हॉलला उजेड आणि वारा तिथूनच येतो, कपडे तिथेच वाळतात आणि आईंची दुपारची खुर्चीही तिथेच असते.