हक्कसोडावर सही का केलीस?

"एवढी शिकलेली असून हक्कसोडावर सही केलीसच कशी?" गोव्यात, फोंड्याला सासरच्या गोतावळ्यात कोणी ना कोणी विचारतंच. हक्कसोड म्हणजे वडिलोपार्जित जमिनीतला आपला वाटा सोडल्याचं लिहून देणं. माहेरी, साताऱ्याकडे हे मला आजवर एकीनेही विचारलेलं नाही. तिथे सही न करणारीलाच विचारतात.

कायदा मला माहीत होता. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा दिला. तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे मी त्यात बसत होते. तरीही सही केली, कारण मला माहेर हवं होतं. हे उत्तर मी वर्षानुवर्षं देत आले, आणि ते खोटं नाही.

पण ते अपुरं आहे. वडील 2013 मध्ये गेले. वर्षश्राद्धानंतर दादा आम्हाला रजिस्टर ऑफिसात घेऊन गेला. त्याने धाक घातला नाही. "तीन एकरांत काय वाटून घ्यायचं गं?" एवढंच म्हणाला, तेही डोळ्यांत पाणी आणून. साहेबांनी विचारलं, "राजीखुशीने सोडताय ना?" मी हो म्हटलं. मग तेच आईला विचारलं. तिने दादाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तेव्हा ती हो म्हणाली. तिचा ठसा मशीनवर उमटेना. भांगलण करून करून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या. दोनदा, तीनदा झालं. मागे रांग वाढत होती. शेवटी मीच तिचा अंगठा पदराने पुसला आणि धरून काचेवर दाबला.

गोव्यात पोर्तुगीज काळच्या, 1867 च्या नागरी संहितेपासूनची रीत वेगळी. लग्नाआधी निराळा करार केला नसेल, तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र, आणि त्यात निम्मी बायकोची. सासरे वारले तेव्हा सासूबाईंना निम्म्यासाठी कोणाची वारस व्हावं लागलं नाही, ती त्यांचीच होती. नणंद वाटणीला बसली, बागेतल्या माडांवरून कडाकडा भांडली, आणि त्याच वर्षी चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची आरास, बांधायला आली. मी बघत राहिले. भांडूनही माहेर राहतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून तुमच्या गोव्यात सगळं चोख आहे असंही मला ऐकवू नका. इथल्याही बहिणी नोटरीपुढे हक्क सोडतात, मी पाहिलंय.

माझ्या वाट्याचं मला आजही फारसं वाटत नाही. माझा वाटा मी सोडला, ते माझं. पण आईचा? "ती तरी कुठे जमीन कसायला जाणार होती," असं मी तेव्हा स्वतःला समजावलं होतं. आज तसं म्हणवत नाही. आणि मी नाही म्हटलं असतं, तर ती म्हणाली असती का, हेही सांगता येत नाही.

मागच्या दिवाळीत भाऊबीजेला गेले. रात्री अंथरुणं घालताना आई हळूच म्हणाली, "गुडघ्याचं दाखवायचंय. दादाला तू बोलशील का? मला मागायला नको वाटतं."