जमिनीलगतचा वास

८ डिसेंबरला पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचे फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव असतो. चर्च चौकातील फेरीत, म्हणजे जत्रेच्या बाजारात हिंडून झाले की माणसे पायीच फोंताइन्हास या जुन्या वस्तीकडे वळतात आणि ‘३१ जानेवारी’ नावाच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांची रेस्टॉरंटे, बार आणि जुनी ताव्हेर्ने (छोटी मद्यालये) सायंकाळी सातपासूनच भरू लागतात. याच भागातील एका दुमजली घरात चालणाऱ्या रेस्टॉरंटची मी व्यवस्थापक होते. घर पोर्तुगीज काळातले आहे. खाली बार, मागे स्वयंपाकघर, वर लाकडी तक्तपोशीचे दालन आणि तिथे जाण्यासाठी एकच अरुंद लाकडी जिना. जिन्याखालच्या फळ्यांवर फेणीचे गराफांव, म्हणजे काचेचे मोठे बुधले, रांगेने ठेवलेले असत. काजूच्या फेणीत मद्यार्क ४२ ते ४५ टक्के असतो. अशा घरात आग लागणे म्हणजे काय, हे सांगण्यासाठी एवढे वर्णन पुरेसे आहे.

मी हे आता लिहिते आहे त्याला कारण आहे. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातल्याच हडफडे येथील नाइटक्लबला आग लागून २५ जण मृत्युमुखी पडले, आणि त्यांत बहुतेक तिथले कामगार होते. ती बातमी वाचल्यापासून काही वर्षांपूर्वीची फेस्ताची ती रात्र मला पुन्हा पुन्हा आठवत राहिली.

त्या रात्री साडेआठच्या सुमारास वरचे दालन पूर्ण भरले होते, बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, गिटार आणि व्हायोलिन घेतलेले दोन वादक बसले होते आणि स्वयंपाकघरात रेशाद (तिखट-आंबट मसाला भरलेल्या) बांगड्यांचे तवे एकामागून एक उतरत होते. भांडी घासण्याची जागा स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, दोन पायऱ्या खाली आहे. तिथे ओडिशातून आलेला एक मुलगा उकिडवा बसून मोठी पातेली घासत असे. तो उठून थेट माझ्याकडे आला आणि खाली गॅसचा वास येतो आहे, असे त्याने हळू आवाजात हिंदीत सांगितले. मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा मला व्हिनेगर, लसूण आणि तळलेल्या मासळीखेरीज कसलाच वास आला नाही. आमचे मुख्य आचारी वेंगुर्ल्याचे, या कामात मुरलेले. त्यांनीही मान हलवली. मी त्या दोन पायऱ्या उतरून मोरीजवळ वाकले, आणि तो उग्र दर्प नाकात भरला.

याचे कारण साधे आहे, पण ते ठाऊक असलेले लोक मला या धंद्यात फार थोडे भेटले. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जवळपास दीडपट ते दुप्पट जड असतो, म्हणून तो वर चढत नाही; पाण्यासारखा उतार शोधत जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागेत साचून राहतो. शेगडीपाशी उभ्या असलेल्या आचाऱ्याच्या डोक्यावर धुरांड्याचा पंखा चाललेला असतो आणि त्याचे नाक फोडणीने भरलेले असते. म्हणून सर्वांत मोठा धोका सर्वांत आधी कळतो तो सर्वांत खाली बसलेल्या, सर्वांत कमी पगाराच्या माणसाला. त्याने सांगायला यावे आणि कोणीतरी ऐकून घ्यावे, एवढ्यावरच पुढचे सगळे अवलंबून असते.

आचाऱ्यांनी सर्व शेगड्या बंद केल्या, भिंतीवरचा मुख्य व्हॉल्व्ह फिरवला आणि तरीही वास कमी होईना, तेव्हा ते म्हणाले, “बाय, वास भायरसून येता.” मागच्या अंगणात विहिरीशेजारी जाळीच्या पिंजऱ्यात १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर ठेवलेले असत, आणि गर्दीमुळे त्यांतला एक तासाभरापूर्वीच बदलला होता. अंगणाचा उतार घराकडे होता. अंगणाच्या भिंतीत एक छोटा खुरीस (क्रूस) आहे, आणि घरमालकांच्या आईने फेस्तानिमित्त तिथे मेणबत्ती लावलेली होती. ती छातीच्या उंचीवर होती आणि गॅस पायाशी होता, म्हणूनच आम्ही बचावलो असे मला वाटते. आचाऱ्यांनी ओल्या बोटांनी ती विझवली. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

आता प्रश्न विजेचा होता. स्वयंपाकघरातला मोठा फ्रीझर आपोआप सुरू आणि बंद होत असतो, आणि दर वेळी त्यात ठिणगी पडू शकते; तिथल्या कोणत्याही बटणाला हात लावणे तितकेच घातक होते. पण संपूर्ण घराची वीज तोडली असती, तर वरची चाळीसेक माणसे काळोखात त्या एकाच जिन्यावर लोटली असती. स्वयंपाकघराचा मुख्य स्विच पुढच्या पडवीतल्या पेटीत वेगळा होता, म्हणून मी तेवढाच खाली ओढला, आणि स्वयंपाकघर व बार यांमधले दार लावून घेतले. अग्निशमन दलाला फोन रस्त्यावर येऊन केला.

माणसांना बाहेर काढण्याचे काम मी वादकांवर सोपवले, आणि त्यांनी ते फार समजून केले. व्हायोलिनवाल्यांनी वाजवणे थांबवून माइकवर आधी कोंकणीत आणि मग इंग्रजीत सांगितले की गॅसची तक्रार आहे, टेबलावरच्या मेणबत्त्या विझवा, सिगारेट लायटर काढू नका, पेले तिथेच ठेवा आणि एकेक करून खाली या. ते स्वतः जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. बहुतेकांनी निमूट ऐकले. एक गट मात्र ताट अर्धवट सोडायला तयार नव्हता आणि बिलाचे काय, असे विचारत राहिला. त्यांना बिल नको, फक्त उठा, असे मला तीनदा सांगावे लागले. रात्रीच्या करमणुकीला आलेल्या माणसाला धोका पटवून देणे कठीण असते, कारण तो काळजी विसरण्यासाठीच तिथे आलेला असतो.

सांतिनेजच्या अग्निशमन केंद्रातून बंब लवकर निघाला, पण दोन्ही बाजूंना लावलेल्या भाड्याच्या गाड्या आणि दुचाक्यांमुळे तो आमच्या गल्लीत येऊ शकला नाही. जवान तोंडाशी गाडी सोडून पायी आले. त्यांनी अंगणात पाण्याचे फवारे मारून हवा हलवली, सांध्यांवर साबणाचे पाणी टाकले आणि नव्या सिलिंडरच्या तोंडाशी बुडबुडे दिसताच रेग्युलेटर काढून सुरक्षा टोपी बसवली. व्हॉल्व्हमधली रबरी रिंग चिरलेली निघाली. दहा-पंधरा रुपयांची वस्तू.

त्या रात्री आम्ही पुन्हा उघडले नाही. दलाच्या अधिकाऱ्यांनी जाण्यापूर्वी घर फिरून पाहिले आणि बारच्या शेजारच्या भिंतीपाशी थांबून विचारले की या काचेच्या फ्रिजमागे काय आहे. तिथे दार होते. जुन्या घरांना बाजूच्या गल्लीत उघडणारे असे दार असायचे. वारसा क्षेत्रात नवे दार पाडायचे तर परवानगीच्या फेऱ्या असतात, हे खरे. पण पणजीतल्या कितीतरी जुन्या घरांत दारे आधीपासूनच आहेत, आणि ती फ्रिज, कपाटे आणि टेबले लावून आपणच बुजवली आहेत. हे मला संतापजनक वाटते. तपासणीला माणसे येतात ती सकाळी अकराला, घर रिकामे असताना, पुढच्या दाराने. ती रात्री नऊला मागच्या दाराने यायला हवीत.

घरमालकांशी दुसऱ्या दिवशी माझे बोलणे झाले. फ्रिज हलवला तर चौघांचे टेबल जाते, आणि डिसेंबरात त्या टेबलाचे उत्पन्न किती, हा हिशेब त्यांनी मांडला. मी त्यांना मोरीपाशी नेले आणि तिथून त्या दारापर्यंत चालून दाखवले. दार बंद असेल तर भांडी घासणाऱ्याला बाहेर पडण्यासाठी शेगड्यांमधून, बारमधून आणि जिन्याखालच्या गराफांवांवरून जावे लागते. ते काही बोलले नाहीत, पण त्याच आठवड्यात फ्रिज हलला, दाराच्या बिजागऱ्यांना तेल मिळाले आणि गॅसची सूचना देणारे यंत्र मोरीपाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसले. सिलिंडर बदलताना रिंग पाहायची आणि साबणाचे पाणी लावायचे, हे काम आचाऱ्यांनी स्वतःकडे घेतले. वास आला तर कोणालाही न विचारता मुख्य व्हॉल्व्ह बंद करण्याचा अधिकार भांडी घासणाऱ्यापासून सर्वांना मिळाला, आणि खोटी शंका निघाली तरी कोणाला बोल लावायचा नाही, असे मी लिहून भिंतीवर लावले. मी तिथे असेपर्यंत ते टेबल पुन्हा लागले नाही. नाताळच्या आठवड्यात जागा मागणारे फोन आले, की एक टेबल कमी आहे, असेच उत्तर आम्ही देत असू.