जामीनदार

"पाळकसाहेब, तीन नंबरचे आण्णा माळ काढू देईनात. तुम्ही येता का जरा?"

सकाळचे सव्वासात. ऑर्थो वॉर्डच्या सिस्टरचा फोन. मी मिशन हॉस्पिटलात चॅप्लन आहे. म्हणजे पाळकच, फक्त माझी मंडळी आठवड्याभरात डिस्चार्ज घेऊन घरी जाते. बाहेरच्यांना वाटतं, हा दिवसभर डोळे मिटून प्रार्थना करत फिरत असेल. खरं तर निम्मा वेळ असल्या तंट्यांत जातो. माळ, जानवं, ताईत, मंगळसूत्र, करदोडा. ऑपरेशनला जाताना अंगावर काही नको हा नियम, आणि माणसाला नेमकं त्याच वेळी अंगावर काहीतरी हवं असतं.

दुसरी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. मी पवित्र शास्त्र हातात धरून वॉर्डात शिरत नाही. शिरलो की नातेवाईक रडायला लागतात. सिनेमात पाद्री शेवटच्या रिळात येतो ना. आमचे काही डॉक्टरही सिनेमावरच शिकलेले. सगळे उपाय थकले की "पास्टरला बोलवा". म्हणून शास्त्र शबनमच्या तळाशी आणि वर पाण्याची बाटली. शिवाय मी कुणाचा धर्म बदलायला जात नाही, हे दिवसातून दोनदा तरी सांगावं लागतं, एकदा नातेवाइकांना आणि एकदा आमच्याच लोकांना. ताज्या ऑपरेशनच्या माणसाच्या उशाशी नरकाचं पत्रक ठेवून जाणारा एक उत्साही भाऊ मी स्वतः पकडलेला आहे. त्याला वॉर्डाबाहेर काढलं, तर मंडळीत माझ्याच विश्वासाची चर्चा झाली.

तर आण्णा. वय ६७, खुब्याचं हाड मोडलेलं. वारीला निघायच्या दोन दिवस आधी न्हाणीघरात घसरले. गावच्या विकास सोसायटीत आयुष्यभर सचिव. गळ्यात तुळशीची माळ, आणि चेहऱ्यावर 'कागद दाखवा, मग बोला' असा भाव.

भूलतज्ज्ञ मॅडमचं म्हणणंही खोटं नव्हतं. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचा, पण ते जमलं नाही तर पूर्ण भूल द्यावी लागते, आणि त्या घाईत गळा मोकळा हवा. शेवटी तोड निघाली. माळ गळ्यातच ठेवायची, मणी गॉझमध्ये गुंडाळून डाव्या खांद्यावर चिकटपट्टीनं बसवायचे. मॅडम म्हणाल्या, "वेळच आली तर कापीन. पण मणी मोजून परत देईन." हे वाक्य आण्णांना पटलं. मोजून म्हटलं की सचिवाला पटतं.

थिएटरच्या दाराशी मी विचारलं, प्रार्थना केली तर चालेल का. म्हणाले, "करा की. चेकवर दोन सह्या असलेल्या बऱ्या."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. माळ कापावी लागली नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी फेरीला गेलो तेव्हा टीव्हीवर रिंगण चालू होतं आणि आण्णांचं लक्ष समोरच्या पाटीकडे. आमच्या प्रत्येक वॉर्डात एक वचन लावलेलं असतं. त्या खोलीत स्तोत्र सत्तावीस: 'परमेश्वर माझा प्रकाश व माझे तारण आहे.'

"फादर," आण्णा म्हणाले. (मी प्रोटेस्टंट, दोन पोरांचा बाप. त्या अर्थानं फादर. सांगणं सोडून दिलंय.) "फादर, हे तारण कशाचं? कर्ज किती काढलंय?"

मी हसलो, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आमचं ख्रिस्ती मराठी दोनशे वर्षं जुनं आणि चर्चच्या भिंतींच्या आत वाढलेलं. आम्ही 'तारण' म्हणतो तेव्हा बुडत्याला वाचवणं मनात असतं. बाहेर बँकेच्या दारावर 'सोनेतारण' लिहिलेलं असतं. त्याहून वाईट 'खंडणी'. मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला, असं मार्काच्या शुभवर्तमानात आम्ही भक्तिभावानं वाचतो. पेपरात खंडणीखोर पकडतात. सेमिनरीत आम्हाला ग्रीक शिकवलं, हिब्रू शिकवलं. शेजारचा माणूस आमचं मराठी ऐकून काय समजतो, ते कुणी शिकवलं नाही.

पण समोर सोसायटीचा सचिव होता, म्हणून मला वाटलं, आता आपली बाजू बळकट. म्हटलं, "आण्णा, नव्या करारात येशूला 'जामीन' म्हटलंय. इब्री लोकांस पत्र, सातवा अध्याय. माणसाचं देणं फिटेना, म्हणून तो जामीन राहिला."

आण्णा उशीवर जरा वर सरकले. दुखत होतं, तरी सरकले.

"जामीनदार सही करतो ती माझ्यावर येणार न्हाई असं धरून. कर्जदार भरंल, आपण नावाला. तुमच्या येशूला ठावं होतं का, आपल्यावर येणार?"

"होतं."

"मग त्यो जामीनदार न्हवं. त्यानं कर्जच आपल्या नावावर घेतलं." थोडं थांबून, "बरं, देणं कुणाचं?"

"देवाचं."

"आणि येशू कोण?"

"देवच. देवाचा पुत्र, पण देवच."

"म्हंजे घेणेकरी देव, भरणारा पण देव." त्यांनी तळहात उलटासुलटा केला. "फादर, ह्याला आमच्यात नवं-जुनं म्हणत्यात. मार्चएंडला करायचो आम्ही. कागदावर भरणा, कागदावर नवं कर्ज. पैसा हललेलाच नसतो."

प्रायश्चित्त (ख्रिस्तानं माणसाच्या पापाचं देणं फेडणं) आणि त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ती धर्मशास्त्राचे दोन सर्वांत अवघड विषय. आण्णांनी ते मार्चएंडच्या खातेवहीत शेजारी शेजारी मांडले आणि मधलं भोक दाखवलं. मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. कारण हा प्रश्न जुना आहे आणि आमच्याच वडीलधाऱ्यांनी विचारलेला आहे. खंडणी दिली तर कुणाला दिली? तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनसारखे काही धर्मशास्त्री म्हणाले, सैतानाला. माणूस त्याच्या ताब्यात होता. चौथ्या शतकातल्या निस्साच्या ग्रेगरीनं तर गळाचा दाखला दिला: ख्रिस्ताचं माणूसपण हे आमिष, आत देवपणाचा आकडा, सैतानानं गिळलं आणि अडकला. चौथ्याच शतकातला दुसरा ग्रेगरी, नाझियान्झसचा, त्यानं हे उडवून लावलं. सैतानाला खंडणी? त्या चोराला? आणि पित्याला म्हणावं तर त्यानं आपल्याला कैदेत ठेवलंच नव्हतं. पुढे १०९८ मध्ये आर्चबिशप अन्सेल्मनं आपला ग्रंथ पुरा केला आणि सगळं देण्या-फेडण्याच्या भाषेत बसवलं: देवाच्या सन्मानाचं ऋण माणसानंच फेडायला हवं आणि फेडण्याची ऐपत फक्त देवाची, म्हणून देव-मानव. आण्णांच्या टेबलावरचं प्रकरण हेच होतं. पण गंमत बघा, ३२५ साली निकियाच्या धर्मपरिषदेत जो मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, ठरला त्यात 'आम्हा माणसांकरिता व आमच्या तारणाकरिता' एवढंच आहे. कसं, ते नाही. त्रैक्यावर वाक्य न् वाक्य घासून घेतलं, आणि तारण नेमकं कसं झालं याची व्याख्या त्यांनीही केली नाही, पुढच्या परिषदांनीही नाही.

हे सगळं मी आण्णांना सांगितलं, अर्थात गळाच्या दाखल्यासकट. त्यांना तोच आवडला.

खोलीत दुसऱ्या खाटेवर चाचा होते. एसटीतून निवृत्त ड्रायव्हर, पाय प्लास्टरमध्ये, इतका वेळ टीव्हीकडे तोंड करून ऐकत होते. ते म्हणाले, "पास्टरसाब, बुरा मत मानो. कुराणात साफ हाय, एकाचं ओझं दुसरा उचलनार न्हाई. आणि इसा अलैहिस्सलामना सुळावर दिलंच न्हाई. लोकांना तसं वाटलं. अल्लाहनं उचलून घेतलं त्यांना." हे त्यांनी कळवळ्यानं सांगितलं, माझ्यावरचं एक दुःख काढून घ्यावं तसं. आपल्या प्रिय माणसाला असं मरण देव देणारच नाही, असा तो भरवसा. मी उत्तर दिलं, की सुळावर दिलं हे आमच्या सगळ्याचा पाया आहे, ते काढलं तर माझ्या हातात काही उरत नाही. चाचा म्हणाले, "मालूम हय. म्हणूनच इतके दिवस बोललो न्हाई."

आता माझी अवस्था बघा. एक म्हणतो, हे घडलंच नाही. दुसरा म्हणतो, घडलं असेल पण गरज काय होती. आणि मी दोघांच्या मध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर.

आण्णांनी हुकमाचं पान शेवटाला ठेवलं होतं. "आमच्या तुकोबांच्या घरात सावकारी होती. कर्जखतांच्या वाटण्या केल्या, भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. झालं, लोकांचं कर्ज फिटलं. त्यापायी कुणाला सुळावर जावं लागलं न्हाई. तुमच्या देवाला एवढं जमू नये?"

आमच्याकडे तुकोबा परके नाहीत. नारायण वामन टिळक म्हणत, की आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, आणि टिळकांची पदं आम्ही दर रविवारी गातो. त्यामुळे तुकोबांना खोडून काढणं माझ्या जिभेला जमणारं नव्हतं. पण उत्तर होतं, आणि ते आण्णांच्याच वहीत होतं. विचारलं, "आण्णा, २०१७ ला कर्जमाफी झाली. दीड लाखापर्यंत. तुमच्या सोसायटीनं पैसे सोडले?"

"छट्. सोडतीय कशी? सरकारनं भरले."

"म्हणजे माफी झाली तरी कुणीतरी भरलेच."

"भरल्याशिवाय खातं निल होतच न्हाई."

"मग खतं बुडाली तेव्हा कुणी भरले?"

आण्णा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "तुकोबांनीच. त्यांचंच बुडालं की."

मी तेवढंच म्हणत होतो. माफ करणारा भरतो. सैतानाला नाही, दुसऱ्या कुणाला नाही. ज्याचं येणं आहे तोच तोटा गिळतो. नवं-जुनं नाही, पैसा खरोखर हललेला आहे. वधस्तंभ म्हणजे देवानं स्वतःच्या वाट्याची खतं बुडवली, आणि ती कागदाची नव्हती. इतकं चांगलं मला व्यासपीठावर कधी बोलता आलेलं नाही. कबूल करतो, मनात मी पुढच्या रविवारचा उपदेश लिहायला घेतला होता.

काकी खाटेच्या पायथ्याशी डबा पुसत बसल्या होत्या. चार दिवसांत माझ्याशी 'च्या घेताय का' यापलीकडे बोललेल्या नव्हत्या. डब्याचं झाकण लावत म्हणाल्या,

"तुकोबांनी भरलं म्हणताय, पण घरात काय शिजलं ते आवलीला इचारा."

आण्णांनी मान भिंतीकडे वळवली. काकी माझ्याकडे बघत होत्या.

"ह्येनी मैतराला जामीन राहिले. पतसंस्थेचं ट्रॅक्टरचं कर्ज. दुसऱ्याला शिकवणार, सही करू नगा, आणि आपण केली. मैतर बुडाला. वसुलीचा एकशेएकचा दाखला ह्येंच्या नावानं आला. अर्धा एकर गेला, माझ्या पाटल्या गेल्या. गावात अजून नाव काढत्यात, आण्णा म्हंजे देवमाणूस, शब्दाला जागला. जागले की. पाटल्या कुणाच्या व्हत्या?"

चाचांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"तुमच्या येशूचं बी तसंच म्हणा. त्यानं सोताहून दिलं, मोठंच काम. त्याच्या आईला कुणी इचारलं व्हतं का?"

मी म्हणालो, विचारलं होतं. लूकमध्ये आहे, देवदूत आला, मरिया म्हणाली, मी प्रभूची दासी, तुझ्या शब्दाप्रमाणे होवो.

"काय इचारलं व्हतं? पोर होईल म्हणून, का पोर असं जाईल म्हणून?"

मंदिरात भेटलेल्या शिमोनानं तिला सांगितलं होतं, तुझ्या जिवातून तलवार जाईल. पण ते बाळ जन्मल्यावर. हे मला त्या क्षणी आठवलं आणि मी बोललो नाही, कारण त्यानं काकींचीच बाजू बळकट होत होती. आम्ही प्रोटेस्टंट मरियेला नाताळात पेटीतून काढतो, गव्हाणीशी बसवतो आणि सहा जानेवारीला परत ठेवून देतो. वधस्तंभाखाली ती उभी होती हे आम्हाला पाठ आहे. भरण्यात तिचा हिस्सा किती, हे माझ्या शतकानुशतकांच्या हिशोबात कुठेच नव्हतं. ओरिजेन नाही, दोन ग्रेगरींपैकी एकही नाही, अन्सेल्म नाही. सगळे बिनपाटल्यांचे पुरुष.

"मला ठाऊक नाही, काकी," मी म्हटलं.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "च्या घेताय का?"

घेतला.

ऑफिसात येऊन फॉर्म भरायला बसलो. हल्ली प्रत्येक भेटीची नोंद लागते, ऑडिटला दाखवायची असते. 'भेट कोणाची: रुग्ण / नातेवाईक. भेटीचा कालावधी. रुग्णाची आध्यात्मिक गरज: पूर्ण / अंशतः पूर्ण.' हा फॉर्म ज्यांनी काढला त्यांना एकदा तीन नंबरच्या खोलीत त्या स्टुलावर बसवावं अशी माझी फार इच्छा आहे. मी वेळ तेवढी लिहिली.

दीड महिन्यानं आण्णा तपासणीला आले. काठी धरून, पण चालत. कार्तिकीला आळंदीला जायचं म्हणत होते. काकी बरोबर होत्या, औषधाच्या रांगेत. माझ्याकडे बघून मान हलवली, बस्स.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या मंडळीत तीन तासांची उपासना असते. वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांना वाटून देतात. मी दरवर्षी सहावा मागून घेतो, 'पूर्ण झाले आहे'. या शब्दाचा अर्थ 'कर्ज फिटले' अशी पावतीवरची नोंद होता, असं उपदेशक छातीठोक सांगतात. पुरावा पातळ आहे. तरी मीही पूर्वी सांगायचो. तिसरा उद्गार, 'बाई, पाहा, हा तुझा मुलगा', बहुधा एखाद्या नवशिक्याला देतात. त्यात धर्मशास्त्र नाही, घरगुती आहे, असा समज.

यंदा पंच कमिटीच्या चिटणिसांना मी तिसरा मागितला. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही? त्यात बोलण्यासारखं काय आहे?"

वही काढून ठेवलीय. वर उद्गार लिहिलाय, खाली काकींचा प्रश्न, त्यांच्याच शब्दांत. त्याच्या खाली अजून काही नाही.